बेबाकी

मी अकरावीत असताना वडिलांनी माझ्यासाठी हप्त्यावर मोबाईल घेतला. दोन महिन्यांत तो बिघडला. वडिलांनी तो दुकानदाराला परत दिला आणि व्यवहार मिटला असे समजून हप्ते थांबवले. पण कर्ज दुकानाचे नव्हते, फायनान्स कंपनीचे होते. यंदा म्हशीसाठी कर्ज मागायला ते बँकेत गेले, तेव्हा साहेब संगणकात पाहून म्हणाले, "तुमचं खातं थकीत दिसतंय."

आज माणसाची पत ३०० ते ९०० गुणांत मोजली जाते. सोसायटीचे कर्ज फेडून दरवर्षी बेबाकी दाखला जपून ठेवणारे माझे वडील या परीक्षेत नापास! दोष त्यांचा काय? सही कोठे करायची हे सर्वांनी दाखवले. करार मोडायचा कसा, हे कोणीच सांगितले नाही.

वडील सही करीत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो. डोळे मात्र नव्या मोबाईलवर होते.

मित्रहो, वस्तू परत केली तरी कर्ज बंद झाल्याचे पत्र कंपनीकडून घ्यावे. पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो पाहावा. चूक असल्यास तक्रार करावी. आपल्या घरात शिकलेले आपण पहिलेच. वडिलांच्या सहीच्या वरचा मजकूर आपण नाही वाचायचा, तर कोणी?