इंग्रजीचे अध्यापन: बंगळुरू प्रकल्पाचा धडा

इंग्रजी विषय महाराष्ट्राने २००० मध्ये, तर कर्नाटकाने २००७ मध्ये पहिलीपासून सुरू केला. तो कोणत्या इयत्तेपासून असावा, यावर दोन्ही राज्यांत मोठा वाद झाला. तो कसा शिकवावा, याची चर्चा त्यामानाने कमीच झाली.

या प्रश्नाचे एक उत्तर बंगळुरूत पूर्वीच शोधले गेले होते. डॉ. एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत राबविलेला प्रयोग 'बंगळुरू प्रकल्प' म्हणून जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे नियम आणि पाठांतर बाजूला ठेवून मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा ठेवला जाई. ठरलेल्या वेळी पोहोचण्यासाठी कोणती गाडी घ्यावी? असा एक प्रश्न शिक्षक सर्व वर्गासमवेत इंग्रजीतून सोडवीत. तशाच दुसऱ्याचे उत्तर प्रत्येकाने स्वतः शोधायचे. लक्ष अर्थाकडे वळले की भाषा नकळत आत्मसात होते, ही त्यामागील भूमिका होती.

त्यासाठी महागडी साधने लागत नव्हती. मात्र शिक्षकाला आयत्या वेळी इंग्रजीत सहज बोलता येणे आवश्यक होते, आणि नेहमीच्या शिक्षकांना तेच जड गेल्याचे पुढील मूल्यमापनात आढळले.

प्रयोगातील मुले पहिलीतील मुलांपेक्षा मोठी होती. त्यामुळे त्याचे थेट अनुकरण शक्य नसले, तरी धडा स्पष्ट आहे: इयत्ता शासकीय आदेशाने बदलता येते, शिक्षक मात्र घडवावा लागतो.