विश्लेषण : पिकअपला जादा डिझेल टाकी बसवणे कायदेशीर आहे का?

डोंबिवली एमआयडीसीतून निघणारी पिकअप सकाळी तळोज्याला, दुपारी भिवंडीच्या गोदामात आणि जमलेच तर रात्री सुरतच्या वाटेला लागलेली असते. अशा गाडीच्या मालकाला गॅरेजमध्ये हमखास एक सल्ला मिळतो, ‘हौद्याखाली शंभर लिटरची एक टाकी मारून घ्या, पंपावरचे थांबणे वाचेल.’ पत्रा, वेल्डिंग, एक नळी आणि एक कॉक एवढ्यात काम होते. पण ही टाकी बसवण्याची परवानगी कायदा देतो का?

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये ‘जादा टाकी’ असा शब्द नाही. उत्पादक कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसी बुकातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. रचनेत फरक पडून वाहनाचे मूळ स्वरूप बदलणे, अशी ‘बदला’ची व्याख्या आहे.

आरसीवर टाकी किती लिटरची हे कुठे लिहिलेले असते, असा युक्तिवाद काही जण करतात. पण आरसीवर गाडीचे रिकामे वजन लिहिलेले असते आणि चासीला जोडलेली टाकी ते वजन वाढवते. शिवाय इंधनाची टाकी, तिची जागा आणि तिच्या नळ्या हा कंपनीच्या मंजूर आराखड्याचाच भाग असतो.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले?

केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला. कंपनीने ज्या नमुन्याला चाचणी करून मान्यता घेतली, त्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येणार नाही, असा या निकालाचा गाभा आहे. त्यामुळे ‘आरटीओत ओळख आहे, पासिंग होऊन जाईल’ या भरवशाला कायद्यात आधार उरलेला नाही.

शिक्षा किती?

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२-अ(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. टाकी ठोकणारा वेल्डर कोणीही असो, या कलमाखाली जबाबदारी मालकाची.

दुसरी अडचण फिटनेसची. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. एमएच-०५ची गाडी तपासणीला उभी राहिली की चासीखालची नवी टाकी लपत नाही. तिसरी अडचण विम्याची. कंपनीला न कळवता केलेला बदल हे नुकसानीचा दावा अडवण्याचे कारण ठरू शकते. गाडी कर्जाची असेल तर दावा अडला तरी हप्ता थांबत नाही.

मग डब्यातून डिझेल नेता येते?

इथे कायद्याची गंमत दिसते. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार डिझेल ‘ब’ वर्गात मोडते. एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नाही, एवढे डिझेल बाळगायला किंवा न्यायला परवाना लागत नाही. पेट्रोल लवकर पेट घेते म्हणून त्याचे नियम कितीतरी कडक आहेत. म्हणजे एका कायद्याच्या लेखी शंभर लिटर डिझेल ही किरकोळ गोष्ट आहे. मात्र तेच डिझेल इंजिनाला जोडलेल्या घरगुती टाकीत गेले की दुसरा कायदा आडवा येतो. चालकांना हा विरोधाभास वाटतो.

वरकरणी तो तसा दिसतो, पण त्यामागे अभियांत्रिकीचे कारण आहे.

टाकीत एवढे काय धोक्याचे?

आजच्या डिझेल इंजिनात पंप जेवढे इंधन ओढतो तेवढे सगळे जळत नाही. उरलेले गरम डिझेल रिटर्न लाइनमधून टाकीत परत येते. कॉक फिरवून इंधन जादा टाकीतून घेतले आणि रिटर्न लाइन जुन्याच टाकीत राहिली, तर जुनी टाकी भरत जाऊन ओसंडू शकते. खाली तापलेला सायलेन्सर असेल तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

टाकीला हवा जायला-यायला ब्रीदर लागतो. गाडी कलंडली तरी त्यातून डिझेल सांडू नये अशी सोय लागते. आत आडव्या पट्ट्या नसतील तर अर्धी भरलेली टाकी वळणावर हेलकावे खाते. शंभर लिटर डिझेलचे वजन साधारण ८३ किलो, त्यात टाकीचा पत्रा वेगळा. तेवढा माल कमी भरला नाही तर गाडी ओव्हरलोड होते आणि ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपयांपासून सुरू होतो.

२०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यात एमआयडीसीतील स्फोटांनी हादरलेल्या डोंबिवलीला ज्वलनशील पदार्थाबाबतचा निष्काळजीपणा किती महाग पडतो हे समजावून सांगावे लागत नाही. पिकअप तर दाट वस्तीतून, शाळेसमोरून आणि स्टेशनच्या कोंडीतून फिरते.

गरज खरीच आहे का?

साधा हिशोब करून पाहू. कंपनीची टाकी साठ लिटरची आणि सरासरी लिटरला १२ किलोमीटर धरली, तर एका टाकीत सुमारे ७२० किलोमीटर होतात. डोंबिवली ते सुरत जाऊन-येऊन अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे पल्ल्यासाठी जादा टाकी बहुतेकांना लागतच नाही. खरे आकर्षण दराचे असते. डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्याने प्रत्येक राज्याचा कर वेगळा आणि दरही वेगळा. जिथे स्वस्त तिथे भरून घ्यावे, हा विचार त्यातून येतो.

महाराष्ट्रातही असा फरक होता. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्रांतील डिझेलवरचा कर २४ वरून २१ टक्के करून तो उर्वरित राज्याच्या बरोबरीला आणला गेला. त्याने लिटरमागे साधारण दोन रुपये कमी झाले. दोन रुपयांचाच फरक धरला तर शंभर लिटरला दोनशे रुपये वाचतात. म्हणजे एका दंडाची भरपाई व्हायला २५ खेपा लागतील, टाकीचा खर्च वेगळाच.

सीएनजीला चालते, मग डिझेलला का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. सीएनजी किट बसवणे हाही बदलच आहे, पण कलम ५२ ने त्याला अटींसह वाट करून दिली आहे. त्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेले किट, अधिकृत केंद्रात बसवणे, आरटीओची तपासणी, आरसीवर नोंद आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी अशी ही वाट आहे. विम्यातही किटची वेगळी नोंद करता येते. २०० बार दाबाचा सिलिंडर या शिस्तीत रस्त्यावर सुरक्षित फिरतो. त्याच्या शेजारी नोंदीत नसलेला दुसरा सिलिंडर बांधणे मात्र तितकेच बेकायदा आणि जास्त धोक्याचे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीएफ परिसरात गॅसच्या मुख्य वाहिनीला हानी पोहोचली, तेव्हा मुंबई-ठाण्यात सीएनजीसाठी रांगा लागल्या. अशा दिवशी ‘थोडे जास्त इंधन जवळ हवे’ असे चालकाला वाटले तर त्यात गैर काही नाही.

म्हणूनच नियम योग्य असला तरी तो अर्धवट आहे. मालकाने मनाने टाकी ठोकू नये हे बरोबरच. पण लांब पल्ल्याच्या मोजक्या गाड्यांना खरी गरज असेल, तर सीएनजीसारखीच मान्यता, तपासणी आणि नोंदीची वाट त्यांनाही हवी. त्यासाठी परदेशात जायला नको. वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या संस्था पुण्यात आहेत, व्हीआरडीई अहिल्यानगरला आहे आणि पेट्रोलियम सुरक्षेचे देशाचे मुख्यालय नागपुरात आहे. वाट नसली की काम थांबत नाही, ते रात्री गॅरेजच्या मागच्या बाजूला होते.

तोपर्यंत काय करावे?

गाडी घेतानाच कंपनीकडे मोठ्या टाकीचे मॉडेल आहे का ते विचारावे. कंपनीने मंजुरीसह दिलेली मोठी टाकी पूर्ण कायदेशीर असते. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने टाकी बसवली असेल तर व्यवहारापूर्वी ती काढून घ्यावी, कारण नावावर झाल्यावर प्रश्न नव्या मालकाचा होतो. आणि गॅरेजमधून ‘काही होत नाही’ असे उत्तर आले, तर हेच वाक्य बिलावर लिहून सही करून मागावे. ती सही मिळण्याची शक्यता कमीच.