जॉन रेनबर्न आणि 'स्वतंत्र निर्मिती'चा प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने लोककथेवरून रचलेल्या एकांकिकेवर मी 'रूपांतर चांगले. स्वतंत्र निर्मिती नव्हे' असा शेरा मारून गुण कापले होते. असा भेद करण्याची आपल्या व्यवसायात सवयच होऊन जाते. इंग्लिश गिटारवादक जॉन रेनबर्न (१९४४-२०१५) याच्या ध्वनिमुद्रिका ऐकू लागल्यापासून मात्र तो शेरा मला सलतो आहे.

सुमारे पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत रेनबर्नने जे वाजवले, त्यातले बरेचसे दुसऱ्यांचे होते: कर्त्यांची नावे हरवलेली लोकगीते, जुन्या युरोपीय नृत्यधुना, ब्लूज, जॅझ. १९६८ साली त्याने 'सर जॉन अलॉट ऑफ मेरी इंग्लंड्स म्युझिक थिंग अँड द ग्रीन नाइट' हा अल्बम काढला. जुन्या इंग्रजीचा वेश पांघरलेले हे लांबलचक शीर्षक मला थोडे हास्यास्पदच वाटते. पण ते देताना तोही बहुधा हसत असावा. या तबकडीवर विल्यम बर्डची 'अर्ल ऑफ सॉल्झबरी' ही नृत्यरचना आणि अमेरिकन जॅझवादक चार्ल्स लॉइडची रचना शेजारी नांदतात.

बर्डची ही रचना मुळात व्हर्जिनल या पट्ट्यांच्या वाद्यासाठी केलेली आहे. ती गिटारवर आणायची तर तेथे दोन्ही हातांत विभागलेले काम एकाच हाताच्या बोटांत पुन्हा वाटून द्यावे लागते. अंगठ्याने खर्जाची बाजू सांभाळायची आणि उरलेल्या बोटांनी वरच्या सुरावटी खेळवायच्या. अंगठ्याची ही स्वायत्तता रेनबर्नकडे आली ती बिग बिल ब्रून्झीसारख्या अमेरिकन ब्लूजवादकांकडून. म्हणजे जुने इंग्लिश दरबारी संगीत येथे एका कृष्णवर्णीय अमेरिकन परंपरेच्या हाताने वाचले गेले आहे. याला निव्वळ रूपांतर म्हणायचे, तर संहितेचे वाचन म्हणजे काय, हेच आपल्याला पुन्हा ठरवावे लागेल.

१९६७ च्या सुमारास बर्ट जान्श, गायिका जॅकी मक्शी, डॅनी थॉम्पसन आणि टेरी कॉक्स यांच्यासह 'पेंटॅंगल' हा वृंद उभा राहिला, तेव्हा त्याचे नाव रेनबर्नने सुचवले. 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' या चौदाव्या शतकातील काव्यात गवेनच्या ढालीवर जे पंचकोनी चिन्ह आहे, ते हे. त्या काव्याचा कर्ता अज्ञात आणि कथावस्तू आर्थरकथांच्या परंपरेतून चालत आलेली. तरीही त्याला 'स्वतंत्र निर्मिती नव्हे' असे म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही! या वृंदातील बास आणि ड्रम वाजवणारे दोघेही जॅझच्या मुशीतून आलेले होते. त्यामुळे त्यांच्या 'बास्केट ऑफ लाइट' (१९६९) या अल्बममध्ये लोकगीताखालची लय सतत हलती राहते, आणि ओळखीचे गाणे पुन्हा अनोळखी होते.

आपल्या दृष्टीने अधिक कुतूहलाचा भाग पुढे येतो. 'अ मेड इन बेडलम' (१९७७) या रेनबर्नच्या पुढील वृंदाच्या अल्बममध्ये इंग्लिश लोकगीतांना साथ आहे ती केशव साठे यांच्या तबल्याची. लंडनमध्ये स्थायिक झालेले साठे त्यापूर्वी जॉन मेयर आणि जो हॅरियट यांच्या १९६० च्या दशकातील 'इंडो-जॅझ' प्रयोगांत सहभागी होते. येथे तबला 'पौर्वात्य' रंग भरण्यासाठी आणलेला नाही. तो मागे राहून, गाण्याच्या चालीला धरून, पडघमासारखा वाजतो. आपल्या संगीतविषयक लेखनात या सहभागाची नोंद मला तरी आढळलेली नाही, आणि याचे वाईट वाटते. साथीदाराला निर्माता न मानण्याची आपली सवय इथेही आडवी आली असावी.

१९८० च्या दशकात, चाळिशीच्या आसपास, रेनबर्नने डेव्हनमधील डार्टिंग्टन कला महाविद्यालयात संगीतरचनेच्या पदवीसाठी प्रवेश घेतला. डझनाहून अधिक अल्बम नावावर असलेला माणूस वर्गात बाकावर बसला. तेथे त्याच्या गृहपाठावर कोणी, काय शेरा मारला असेल, हा विचार अलीकडे उत्तरपत्रिका तपासताना माझ्या मनात येतो.