इम्पॅक्ट फॅक्टरच्या तराजूत आपले संशोधन तोलणार काय?



आपल्या मंडळाच्या शिक्षण-निधीतून दरवर्षी संशोधन-साहाय्य दिले जाते. त्याच्या नियमांत एक नवी अट घालण्याचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र या विषयांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी ज्यांचा निबंध 'इम्पॅक्ट फॅक्टर' असलेल्या नियतकालिकात छापून आला असेल त्यांनाच यापुढे साहाय्य द्यावे, अशी ती अट. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यावर मतदान व्हायचे आहे. आमचा या अटीला स्पष्ट विरोध आहे. तो का आहे, हे सभेच्या आधी सभासदांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रस्ताव आणणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. मागे एकदोनदा 'अमक्याच्या भाच्याला मिळाले, तमक्याच्या सुनेला नाही' अशी कुजबुज झाली, ती आमच्याही कानांवर आली होती. आकडा पुढे ठेवला की वशिल्याचे तोंड बंद होईल, असे त्यांना वाटते. पण रोग एक आणि औषध भलतेच, अशी ही गत आहे. औषध घेण्याआधी बाटलीवर काय लिहिले आहे ते तरी वाचू या.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय? समजा, एका नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून ८० निबंध छापले आणि २०२४ साली जगभरच्या लेखकांनी त्या दोन वर्षांतल्या मजकुराचे १६० दाखले दिले. १६० भागिले ८०, म्हणजे २. हाच त्या नियतकालिकाचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर. आता पाहा. त्या ८० पैकी ५ निबंधांनाच १२० दाखले मिळाले असतील आणि ३० निबंधांकडे कुणी ढुंकूनही पाहिले नसेल. तरी सगळ्यांच्या कपाळी टिळा '२' चाच! वर्गाचे सरासरी गुण पाहून एका मुलाला पहिला नंबर देण्यासारखेच हे आहे. शिवाय दाखला म्हणजे शाबासकी नव्हे. 'अमक्याचे म्हणणे साफ चुकीचे आहे' असे लिहिले, तरी तोही दाखलाच मोजला जातो.

हे माप मुळात निघाले कशासाठी, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी दाखल्यांची सूची करण्याची कल्पना १९५५ साली मांडली. विज्ञानासाठीची त्यांची सूची १९६४ पासून निघू लागली आणि सामाजिक शास्त्रांची १९७३ पासून. ग्रंथपालाच्या हाती पैसे थोडे आणि नियतकालिके शेकडो, मग वर्गणी कुठल्याची भरावी, हे ठरवायला नियतकालिकाची सरासरी उपयोगी पडे. ग्रंथालयाचे महत्त्व आम्हा बडोदेकरांना कुणी शिकवायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला अमेरिकेहून बोलावून घेतले आणि गावोगाव ग्रंथालये उघडली. पण कपाटात कुठले नियतकालिक ठेवावे हा प्रश्न वेगळा आणि कुठल्या माणसाचे काम चांगले हा वेगळा. पहिल्यासाठी केलेले माप दुसऱ्याला लावणे म्हणजे रॉकेल मोजायच्या मापाने दूध मोजणे. एकट्या माणसाची पारख या आकड्यावरून करू नये, अशी सावधगिरीची सूचना खुद्द गारफिल्ड यांनीही दिली होती.

आता राज्यशास्त्राकडे वळू. 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू' हे या विषयातले सर्वांत मानाचे नियतकालिक. १९०६ पासून निघते आणि दाखल्यांच्या यादीत वरच्या रांगेत बसते. ऑक्टोबर २००० मध्ये 'मिस्टर पेरेस्त्रोइका' अशा टोपणनावाने एक निनावी पत्र तिथल्या प्राध्यापकांत फिरले. तक्रार अशी, की या नियतकालिकात संख्याशास्त्र आणि गणिती मांडणी यांचेच राज्य झाले असून ज्यांनी देशोदेशी राहून, भाषा शिकून, माणसांशी बोलून राजकारण समजून घेतले त्यांना दारातच अडवले जाते. एका निनावी पत्राने केवढी खळबळ उडाली! सुझन रुडॉल्फ या विदुषींनी, ज्यांनी हयातभर भारताच्या, विशेषतः राजस्थानच्या, राजकारणाचा अभ्यास केला, या चळवळीची बाजू उघडपणे घेतली आणि पुढे २००३-०४ साली त्याच संघटनेच्या त्या अध्यक्ष झाल्या. २००३ पासून संघटनेने 'पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पॉलिटिक्स' हे दुसरे नियतकालिक काढले. सांगायचा मुद्दा एवढाच, की दाखल्यांचा आकडा गगनाला भिडलेला असतानाही त्या शास्त्राची जाणती माणसे म्हणत होती की यात राजकारणच उरले नाही. आकडा आणि मोल या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ज्यांच्या घरचा आकडा त्यांनीच सांगितले. आणि आपण मात्र ती अट आता डोक्यावर घ्यायला निघालो आहोत!

दोन वर्षांची ही खिडकी तरी आपल्या विषयाला लागू पडते काय? सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. भारतातील जातींची उत्पत्ती आणि घडण यांवरचा निबंध त्यांनी तिथे मे १९१६ मध्ये वाचला आणि १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. शंभर वर्षे उलटून गेली तरी जगभरचे अभ्यासक त्या निबंधाकडे वळतात. पण खिडकी दोनच वर्षांची! १९१९ च्या पुढचा एकही दाखला या हिशेबात धरला गेला नसता. भाषावार राज्यांविषयी त्यांनी १९५५ साली केलेली मांडणी तर नियतकालिकात नव्हे, छोट्या पुस्तकाच्या रूपाने आली. पुस्तकाला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो. मग आपल्या नव्या नियमानुसार बाबासाहेबांचा अर्ज नामंजूर करायचा काय?

घराजवळचे आणखी दोन दाखले देतो. रजनी कोठारी हे स्वतंत्र भारतातील राज्यशास्त्राचे एक मोठे नाव. ते आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत होते. भारतीय राजकारणावरची त्यांची गाजलेली लेखमाला १९६१ साली मुंबईच्या 'इकॉनॉमिक वीकली'त आली, तेव्हा इम्पॅक्ट फॅक्टर हा शब्द प्राध्यापकांच्या कोशातही नव्हता. आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई? बडोदे संस्थानच्या नोकरीत राहून त्यांनी 'मराठी रियासत' लिहायला घेतली, तीही मराठीत. ज्या सूचीत मराठी जवळजवळ नाहीच, तिच्या तराजूत रियासतकारांचे वजन शून्य भरेल. दोष रियासतकारांचा की तराजूचा, ते सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

आपल्या देशात या आकड्याने काय गोंधळ घातला, तेही थोडक्यात पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकांशी जोडल्या. २०१८ च्या नियमावलीने इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातील निबंधाला ५ गुण आणि १० च्या वर फॅक्टर असलेल्याला ३० गुण, असा भाव ठरवून दिला. हा फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीवरून पाहावा असे तीत लिहिले होते. गंमत अशी, की त्या कंपनीने हा व्यवसाय २०१६ सालीच विकून टाकला होता! मागणी वाढली तशी दुकानेही निघाली. पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून घ्या. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली आणि मे २०१८ मध्ये त्याच यादीतून ४,३०५ नावे काढून टाकली. पुण्याच्या संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली दाखवून दिले, की विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे ८८ टक्के दर्जाच्या कसोटीवर उतरत नव्हती. मग २०१९ मध्ये 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचे आयोगाने जाहीर केले. ज्या कामात खुद्द आयोगाला एवढ्यांदा यादी बदलावी लागली आणि शेवटी सोडून द्यावी लागली, ते काम आपल्या मंडळाने एका वाक्याच्या अटीने उरकायचे?

आता आमच्या ओळखीच्या एका मुलीची हकीकत सांगतो, तिच्या परवानगीने आणि नाव न घेता. ती एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरात राज्य झाले. या अकरा वर्षांत इथल्या मराठी घरांचे शहराच्या राजकारणातले स्थान कसे पालटले, हा तिचा विषय. दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत जाऊन तिने आजी-आजोबांच्या मुलाखती घेतल्या. त्यातले काही आता हयात नाहीत. निबंध तिने आधी मराठीत लिहिला, मग इंग्रजीत. एका नामांकित इंग्रजी नियतकालिकाने 'विषय फारच स्थानिक आहे' म्हणून तो साभार परत पाठवला. दुसरीकडून आपणहून निरोप आला, की एवढे रुपये भरा, पुढच्याच अंकात छापतो. मुखपृष्ठावर इम्पॅक्ट फॅक्टर छापलेला होता, ७ च्या वर! कुणी दिला, कसा मोजला, याचा पत्ता नाही. मुलीने पैसे भरले नाहीत. नव्या अटीप्रमाणे तिला साहाय्य मिळणार नाही. तिच्या जागी दुसऱ्या कुणी पैसे मोजले असते तर त्याला मिळाले असते. प्रामाणिकपणाला दंड आणि लबाडीला बक्षीस असा नियम आपण करणार आहोत, हे प्रस्तावकांच्या लक्षात आले आहे काय?

'विषय फारच स्थानिक' या शब्दांवर क्षणभर थांबा. शिकागोच्या एका वॉर्डातली निवडणूक जगाचा विषय आणि बडोद्याच्या वॉर्डातली मात्र स्थानिक! २०१५ साली 'नेचर'मध्ये लायडन जाहीरनामा म्हणून दहा तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यातले एक तत्त्व स्थानिक महत्त्वाच्या उत्तम संशोधनाचे रक्षण करा असेच सांगते, कारण ही सूची मुख्यतः इंग्रजीची आहे. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोत शास्त्रज्ञांनी ठरवलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने तर स्पष्ट बजावले, की नेमणूक, बढती किंवा निधी देताना नियतकालिकाचा आकडा एकेका निबंधाच्या गुणवत्तेच्या जागी वापरू नये. जिथून हा आकडा आला तिथली माणसे तो खाली ठेवत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या भाषेत लिहिलेला निबंध आपल्याच मंडळात अपात्र ठरवायचा असेल, तर ते पेढे कशाचे होते?

'मग वशिल्याचे काय?' हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. आकडा सगळीकडे निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. एखाद्या विषयात लोक काय वाचताहेत, कल कुठे आहे, हे पाहायला तो कामाचा आहे. 'स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स'सारखे २०१३ पासून निघणारे चांगले नियतकालिक एखाद्या मुलीचा निबंध छापते, तेव्हा त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण मान ठेवणे वेगळे आणि तीच एक चौकट करणे वेगळे. वशिल्याला उत्तर एकच. निबंध वाचायचा, आणि मत लेखी, सही करून द्यायचे.

म्हणून सभेपुढे आम्ही तीन उपसूचना मांडणार आहोत. पहिली, इम्पॅक्ट फॅक्टरची अट संपूर्ण गाळावी. दुसरी, प्रत्येक अर्जासोबतचा निबंध, मग तो मराठीत असो, गुजरातीत असो वा इंग्रजीत, तीन जाणकारांनी वाचावा. त्यातला निदान एक मंडळाबाहेरचा असावा, अर्जदाराच्या नात्यातला कुणी नसावा, आणि तिघांची मते नावानिशी या पत्रिकेत छापावीत. तिसरी, निवडलेले काम मंडळाने पुस्तिकेच्या रूपाने छापून शहरातील ग्रंथालयांना द्यावे. मग पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक बडोद्याला आला, तर त्याला निदान दाखला द्यायला काही सापडेल!

यात जास्त कष्ट आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. तीस-चाळीस पाने वाचण्यापेक्षा एक आकडा वाचणे सोपे. पण आपल्या मुलांनी वर्षानुवर्षे खपून लिहिलेले वाचायलाही आपल्याला वेळ नसेल, तर त्यांनी ते कुणासाठी लिहायचे?

सभेला अवश्य या आणि उपसूचनांच्या बाजूने हात वर करा.

— संपादक मंडळ