त्याला मांजर म्हणू नका

चुकीचं नाव पडलं की प्राण्याचे हालही तसेच होतात, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण ऑस्ट्रेलियातल्या क्वोलबद्दल वाचत गेलो आणि मला ते पटलं.

क्वोल म्हणजे कांगारूचा दूरचा भाऊबंद. मादीच्या पोटाला पिशवी, पण प्राणी पक्का मांसाहारी. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, टोकदार तोंड, गुलाबी नाक. यातला सर्वांत मोठा, ठिपकेदार शेपटीचा क्वोल पूर्वेकडच्या जंगलांत राहतो आणि सरसर झाडावर चढतो. जन्मलेलं पिल्लू मात्र तांदळाच्या दाण्याएवढं!

१७७० साली कॅप्टन कुकचं जहाज दुरुस्तीसाठी ईशान्य किनाऱ्यावर थांबलं होतं. तिथल्या गुगू यिमिथिर लोकांकडून ऐकलेले दोन शब्द पाहुण्यांनी टिपून घेतले. एक कांगारू, दुसरा क्वोल. कांगारू जगभर गेला. क्वोल वहीतच राहिला. नंतर आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला सरळ 'देशी मांजर' करून टाकलं.

आता यात काय बिघडलं? माझ्या मते बरंच. मांजर म्हटलं की कुतूहल संपलं. उरला फक्त कोंबड्या पळवणारा चोर. मग गोळ्या, सापळे, विष... आणि गंमत बघा, खऱ्या मांजरी आणि कोल्हे याच मंडळींनी बाहेरून आणले, त्यांनी क्वोलला आणखी संपवलं. पूर्वेकडच्या छोट्या क्वोलची मुख्य भूमीवरची शेवटची खात्रीची नोंद १९६३ सालची, तीही सिडनी शहरातली. टास्मानियात तेवढा तो तगला.

नुसत्या नावाने कोणी मरत नाही, हे मलाही कळतं. जंगलतोड आणि कोल्हे ही खरी कारणं. पण 'मांजरं काय, पैशाला पासरी' असं वाटलं, की वाचवायला कोण धावणार?

विसाव्या शतकात जुनं नाव परत रूढ झालं. २०१८ मध्ये टास्मानियातले क्वोल आणून मुख्य भूमीवरच्या बूडरी राष्ट्रीय उद्यानात सोडले. काही कोल्ह्यांनी मारले, काही गाड्यांखाली गेले, पण तिथे पिल्लंही झाली. पन्नासेक वर्षांनी!

म्हणून एक विनंती. मराठीत याच्याबद्दल लिहिताना 'ठिपकेवाली मांजर' नको. कांगारू जसाच्या तसा घेतलाच ना आपण? मग क्वोलही घेऊ या.