रोपांची गोधडी



थंडी काय म्हणते तुमच्याकडे? आमच्या जुन्नर-आंबेगावात सध्या परिपाठाला मुलं उन्हाचा पट्टा शोधून उभी राहतात. रांग वाकडी झाली तरी चालेल, पण ऊन सोडायचं नाही!

परवा चौथीतली एक मुलगी पहिल्याच तासाला पेंगायला लागली. एरवी सगळ्यांच्या आधी हात वर करणारी. मी विचारलं, "काय गं, रात्री टीव्ही बघत बसलीस का?"

"नाही बाई," ती म्हणाली, "पप्पा रात्री मळ्यात टोमॅटोची रोपं झाकायला गेले होते. ते येईपर्यंत आई झोपली नाही, मग मीपण नाही झोपले."

वर्गात कुणीच हसलं नाही. कारण आमच्याकडे उसात बिबटे असतात. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्रसुद्धा आहे. रात्री नऊ वाजता घरातलं माणूस बॅटरी घेऊन मळ्यात गेलं, की ते परत येईपर्यंत घर जागंच राहतं.

तुम्ही म्हणाल, रोपांसाठी एवढा जीव का टाकायचा? तर नारायणगावचा टोमॅटोचा बाजार मोठा. उन्हाळ्यात तिथे माल न्यायचा, तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लावण झाली पाहिजे. म्हणजे बी टाकायचं ते ऐन थंडीत! आणि टोमॅटो हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला पाहुणा, त्याला गारठा सोसत नाही. तापमान १० अंशांच्या खाली राहिलं, की त्याची वाढ जवळजवळ थांबते. मुळांना स्फुरद नीट घेता येत नाही आणि पानं खालच्या बाजूने जांभळी पडतात. रोपं गेली तर बियाण्याचे पैसे जातात, आणि पुन्हा बी टाकून हंगाम मागे पडतो तो वेगळाच.

"मग रोपं झाकली, आता बरी असतील ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही बाई, सकाळी तशीच गारठलेली होती."

असं का झालं असेल? मी वर्गाला एक प्रश्न टाकला. तुम्हीही उत्तर द्या. गोधडीत ऊब असते का?

"असते!" सगळे एका सुरात ओरडले.

बरं, मग बर्फवाला बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळतो, तेव्हा बर्फ तापतो का? उलट तो जास्त वेळ टिकतो! म्हणजे गोधडी काय किंवा गोणपाट काय, स्वतः ऊब देत नाही. आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही आणि बाहेरची आत येऊ द्यायची नाही, एवढंच तिचं काम. गोधडीत आपल्याला ऊब मिळते, ती आपल्याच अंगाची.

रोपांच्या अंगात अशी ऊब कुठून येणार? ती येते जमिनीतून. दिवसभर ऊन खाऊन जमीन तापते. ऊन उतरलं, की ती हळूहळू ऊब सोडायला लागते. आकाशात ढग असले तर ते पांघरुणासारखे काम करतात. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की ऊब भराभर निघून जाते. म्हणून टिपूर चांदण्यांची रात्र जास्त गार! शिवाय गार हवा जड असते. ती उतारावरून खाली येते आणि खोलगट रानात साचते. कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या काठची रानं म्हणूनच आधी गारठतात.

आता सांगा, रात्री नऊला झाकून काय झालं? बरीचशी ऊब तोवर निघून गेली होती. वरातीमागून घोडं!

मग झाकायचं कधी? साडेचार-पाचला, अंगावर ऊन असतानाच. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. बांबूच्या कामट्यांच्या कमानी करायच्या. त्यांवर आईच्या जुन्या साड्या किंवा बाजारात मिळणारं पांढरं क्रॉप कव्हर टाकायचं. कापड पानांना टेकू द्यायचं नाही. कडा जमिनीपर्यंत आणून त्यांवर माती किंवा दगड ठेवायचे, नाहीतर गार वारा खालून शिरतो. रोपांना पाणी सकाळी द्यायचं, तेही बेतानं.

आणि सकाळी ऊन आलं की झाकण काढायचं! ही चूक माझ्याच हातून झालीय. शाळेच्या परसबागेत शनिवारी मी रोपांवर प्लास्टिक टाकलं. रविवारी काढायला कुणी नव्हतं. सोमवारी बघते, तर उन्हानं आत उकडून रोपं मान टाकून पडलेली. मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी प्लास्टिकची घडी घालत होते.

त्या मुलीनं वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाच वाजता झाकणे'. तिचे पप्पा दिवसभर दुसऱ्याच्या मळ्यात कामाला असतात, अंधार पडल्यावरच घरी येतात. म्हणून आता शाळा सुटली की ती आणि तिची आई मिळून उजेडातच रोपं झाकतात. काल ती म्हणाली, "जुनी पानं अजून जांभळीच आहेत बाई, पण नवीन पान हिरवं आलंय." मला आणखी एक गोष्ट दिसली. ती आता पहिल्या तासाला जागी असते.

करून बघा: आकाश निरभ्र असेल त्या संध्याकाळी स्टीलच्या दोन सारख्या ताटल्या घ्या. एक अंगणात किंवा गच्चीवर उघड्यावर ठेवा, दुसरी तिच्याजवळच एखाद्या स्टुलाखाली. पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर बघा. दव कोणत्या ताटलीवर जास्त पडलंय? का बरं? उत्तर या गोष्टीतच आहे.

आणि आईबाबांनो, तुमच्याकडेही रोपं असतील, तर झाकायचं काम दिवेलागणीच्या आत उरका. रोपांना ऊब मिळेल आणि घरच्यांना झोप.

तुमच्या बाई