हिमालयाच्या वाटेवर उंचीचा रकाना

शाळांच्या वार्षिक परीक्षा संपत आल्या, की लोणावळा, वडगाव, तळेगाव या मावळपट्ट्यातील घराघरांत हिमालयाच्या सहलींचे बेत शिजू लागतात. एके काळी चारधाम यात्रा ही संसाराची जबाबदारी उरकल्यावर करावयाची गोष्ट मानली जाई. आता शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही रजा व शिल्लक यांचा मेळ घालून लडाख, स्पिती, केदारनाथ गाठू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु या बेतांचे कागद पाहिले, तर तारीख, ठिकाण, अंतर, वाहन, खर्च हे सारे रकाने काटेकोर भरलेले असतात. एक रकाना मात्र बहुधा नसतोच. तो म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या उंचीचा. उंच पर्वतात प्रवाशाची प्रकृती, प्रसंगी त्याचा जीवही, ज्या गोष्टीवर अवलंबून असतो ती नेमकी हीच होय.

हा रकाना का राहून जातो, याचे कारण सह्याद्रीच्या सवयीत आहे. मावळातला भटका काही बेफिकीर नसतो. लोहगड, विसापूर आणि भाजे एका दिवसात करावयाचे, राजमाचीस मुक्काम टाकावयाचा किंवा कुसूर पठारावरून थेट भीमाशंकर गाठावयाचे, तर पाण्याची टाकी कोठे, उजेड किती वेळ, वाट कोण दाखवणार याचा तो नीट विचार करतो. वाट चुकणे, कड्यावरून घसरणे, पावसाळी लोंढ्यात सापडणे, हे येथले धोके डोळ्यांना दिसणारे आहेत. अशा प्रसंगी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते दोर घेऊन धावतात. उंचीचा विचार मात्र येथे करावाच लागत नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे, लोहगडाचा माथा १,०३३ मीटरवर, आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर. श्रीनगरसारखे शहर जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर वसले आहे. लेह त्याच्या दुपटीहून उंच, सुमारे ३,५०० मीटरवर. आणि खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर. म्हणजे सह्याद्रीचा अनुभव जेथे संपतो, तेथे हिमालयाचा केवळ उंबरठा लागतो.

दोन-तृतीयांश हवा

लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन-तृतीयांश उरतो. साहजिकच प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. साडेपाच हजार मीटरवर तो निम्माच राहतो. शरीर या उणिवेशी जुळवून घेते. पण त्यास दिवस लागतात. ते दिवस न दिल्यास डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे, भोवळ ही पहिली चिन्हे दिसतात. ती दिसत असूनही वर चढत राहिल्यास फुप्फुसांत पाणी साठते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग तासांचा हिशेब सुरू होतो. यावर खात्रीचा उपाय एकच: खाली उतरणे. प्राणवायूची नळकांडी व औषधे उतरण्यासाठी लागणारा अवधी मिळवून देतात, उतरण्याची गरज टाळत नाहीत.

हे ज्ञान परदेशातून उसने आणलेले नाही. १९६२ च्या चीन-युद्धाच्या वेळी सखल प्रदेशातील जवानांना तातडीने उंच सीमेवर न्यावे लागले आणि या विकाराचे स्वरूप भारतीय लष्करी डॉक्टरांपुढे मोठ्या प्रमाणावर आले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. तो आजही या विषयातील पायाभूत अभ्यासांत गणला जातो. अशा अनुभवांतूनच लष्कराची शिस्त घडली: सुमारे २,७०० ते ३,६०० मीटरच्या पट्ट्यात सहा दिवस, त्यावर ४,५०० मीटरपर्यंत आणखी चार, आणि त्याहून वर जावयाचे तर पुन्हा चार. कसलेल्या, तरुण जवानास जो अवधी दिला जातो, तो टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसाला लागणार नाही, असे समजणे धाडसाचे आहे.

येथे एक गैरसमज दूर व्हावयास हवा. तंदुरुस्ती म्हणजे उंचीपासून संरक्षण नव्हे. धावणारा, पोहणारा, गड चढणारा तरुणही या विकाराला बळी पडतो. किंबहुना दमत नसल्यामुळे तो अधिक वेगाने चढतो आणि डोके दुखत असल्याचे मित्रांपासून लपवितो. लोणावळ्यास १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना करून श्वासाच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा घालून दिली, याचा मावळास सार्थ अभिमान आहे. पण श्वासावरील ताबा आणि उंचीची सवय या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीला पर्याय नाही.

थांबत चढणे

घाट एका दमात चढता येत नाही, हे खरे तर लोणावळेकरांना सांगावयास नको. १८६३ मध्ये भोर घाटातून लोहमार्ग सुरू झाला तेव्हा सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांची चढण होती. खंडाळ्याजवळ गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास लावून, उलट दिशेने पुढे काढावी लागे. नव्या बोगद्यांच्या मार्गाने पुढे हा उलटफेर संपला, तरी पुण्याकडे येणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला अजूनही मागून जादा इंजिने जोडली जातात. एवढ्याशा चढासाठी लोखंडी गाडीला ही तजवीज लागते. तोच प्रवासी सकाळी पुण्यास विमानात बसतो आणि दिल्लीमार्गे दुसऱ्या सकाळी लेहला उतरतो तेव्हा सुमारे २,९०० मीटर वर गेलेला असतो. केदारनाथलाही हेच घडते. ३,५८३ मीटरवरील ज्या देवळापर्यंत पूर्वीचा यात्रेकरू पायी, मुक्कामामागून मुक्काम करीत पोहोचे, तेथे हेलिकॉप्टर काही मिनिटांत नेऊन सोडते.

मग बेत आखावा कसा? तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, हा सर्वमान्य नियम आहे. दिवसा उंच खिंड ओलांडली तरी रात्री खाली झोपावे. दहा दिवसांचे लडाख घ्या. श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल (२,६७६ मीटर) असे एकेक मुक्काम करीत फोटु ला ओलांडून लेहला यावे. तेथे तीन रात्री राहून खारदुंग लावरून नुब्रा खोऱ्यात उतरावे. हे खोरे लेहहून खालीच आहे. दोन रात्रींनी परत लेह आणि तेथून विमानाने घर. पँगाँग सरोवर सव्वाचार हजार मीटरवर आहे. तेथील मुक्काम या बेतात बसत नसेल तर तो सोडावा, विश्रांतीचा दिवस सोडू नये. उलट मनालीहून निघून दुसऱ्याच रात्री ४,२९० मीटरवरील सरचू येथे झोपणे हा बेत कागदावर जितका सोपा, तितकाच देहाला महाग पडणारा आहे.

रजा मोजकी, पैसा बेताचा, पुन्हा येणे होईल न होईल, म्हणून जमेल तेवढे पाहून घ्यावे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो पोकळ नाही. मध्यमवर्गीय कुटुंब अशा सहलीसाठी वर्षानुवर्षे पैसे साठविते. शिवाय घाई करणारे सर्वच आजारी पडत नाहीत. पुष्कळजण सुखरूप परततात आणि त्यांचेच अनुभव पुढच्यांचे मार्गदर्शक ठरतात. घाईची प्रथा टिकून राहते ती यामुळेच. परंतु डोके धरून मोटारीत पडून राहिलेल्याने आठ ठिकाणे पाहिली असे म्हणण्यात अर्थ नाही. चार ठिकाणे शुद्धीवर राहून पाहणे हाच काटकसरीचा मार्ग होय.

ही जबाबदारी एकट्या प्रवाशाची नव्हे. सहली नेणाऱ्या संस्थांनी आपल्या पत्रकांत प्रत्येक मुक्कामाची उंची छापावी आणि विश्रांतीचा दिवस 'मोकळा दिवस' म्हणून लपवू नये. विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शिक्षकांनी पालकसभेत तो तक्ता वाचून दाखवावा. हृदय, फुप्फुसे वा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि प्रत्येक गटाने घरून निघतानाच एक गोष्ट ठरवून टाकावी: एखाद्याची प्रकृती बिघडली तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार. तो निर्णय चार हजार मीटरवर, थंडीत, मध्यरात्री, सर्वांचा हिरमोड करून घेण्याची वेळ कोणावरही येऊ नये. यंदाच्या सुटीचे कागद पुढ्यात असतीलच. त्यावर मुक्कामाच्या नावापुढे उंचीचा आकडा लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात.